आमच्या वन्संचं प्रथिन

आमच्या वन्सं पाणी पिण्याआधी पेला उजेडाकडे धरून बघतात. घरीच नव्हे, कुणाच्याही घरी, आणि पाणी आणून देणारी बाई समोर उभी असतानाच. पेला फिरवतात, एक डोळा मिटतात, "स्वच्छ आहे" असं प्रमाणपत्र देतात आणि मग पितात. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या हातचं पाणी त्यांनी असं तपासलं आणि पेला परत माझ्या हातात दिला. मी मनात म्हटलं, झालं, आता ही बया जन्मभर माझ्या पेल्यात बघणार. एकवीस वर्षं झाली, बघतायत.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याच घरात शेजारच्या खोलीत राहतात. लग्न केलं नाही. कुणी विचारायला आलंच तर त्या माणसाकडेही त्या पेल्याकडे बघावं तशाच बघायच्या, आणि तो बिचारा चहा अर्धा ठेवून उठायचा. सासूबाईंनी शेवटी नाद सोडला.

पण यात दोष स्वभावाचा कमी आणि कामाचा जास्त. वन्सं एका संशोधन संस्थेत प्रथिनं गाळतात. गाळतात हा माझा शब्द. त्यांना तो मुळीच आवडत नाही, "शुद्ध करते म्हण" म्हणतात. एकेका पेशीत हजारो जातींची प्रथिनं दाटीवाटीनं भरलेली असतात. त्यातलं हवं ते एकच ठेवायचं आणि बाकीच्यांना हाकलायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी आधी ते प्रथिन बनवणारे जिवाणू मोठ्या बाटल्यांत वाढवायचे, त्याला वास असा येतो की ओले मोजे बरे. मग जिवाणू फोडायचे. मग तो रस बारीक मणी भरलेल्या काचेच्या नळकांड्यातून थेंबथेंब खाली सोडायचा, तेही चार अंशांच्या थंड खोलीत, अंगात दोन स्वेटर घालून. एवढं करून शेवटी हाताशी येतं काय, तर करंगळीच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळीत पाण्यासारखं काहीतरी. ती नळी वन्सं खिडकीकडे धरतात, एक डोळा मिटतात, आणि आत काही दिसलं नाही की त्यांचा चेहरा असा खुलतो की विचारू नका. काही न दिसण्यावर एवढी खूश होणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

मला हे ठाऊक असायचं कारण, मीही तिथेच असते. तळमजल्यावर काचेची भांडी धुते आणि सगळ्या मजल्यांचा कचरा वाफेच्या यंत्रात उकळून मगच बाहेर जाऊ देते. यंत्र म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ, फक्त शिट्टी करत नाही. वन्संनीच मला तिथे चिकटवलं आणि पहिल्याच दिवशी मी धुतलेली बाटली उजेडाकडे धरून परत पाठवली. मी त्यांना कामावरही वन्संच म्हणायचे, दुसरं काय म्हणणार? ते ऐकून ऐकून सगळा मजला त्यांना वन्सं म्हणायला लागला. विद्यार्थी, शिपाई, यंत्र दुरुस्त करायला येणारे, सगळे. "बघा, अर्धी संस्था आता माझ्या नवऱ्याची बायको झाली," असं मी एकदा म्हटलं, तर वन्सं दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यांच्या कामात एक नियम असा पक्का होता की त्यावर वाद नाही. नळी गढूळ झाली की प्रथिन मेलं. प्रथिन म्हणजे घडी घालून ठेवलेला लांब दोरा. घडी विस्कटली की दोरे एकमेकांत गुंततात, गुठळ्या होतात आणि नळी पांढुरकी दिसते. अंडं उकडलं की पांढरं होतं, ते हेच. उकडलेल्या अंड्याचं पुन्हा कच्चं होत नाही, तेव्हा गढूळ दिसली की नळी कचऱ्यात आणि आपण पुन्हा पहिल्यापासून. हा धडा वन्संना त्यांच्या पहिल्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात शिकवला, आणि पुढे वन्संनी तो येईल त्या पोराला आणि पोरीला शिकवला.

आणि मग तीन वर्षांपूर्वी वन्संच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून नवीन मॅडम आल्या. वय वन्संच्या निम्म्याहून थोडं जास्त, केस कापलेले, जिना एकेक पायरी सोडून चढायच्या. त्यांनी वन्संकडून एक प्रथिन मागितलं. वन्संनी तीन आठवडे खपून काढलं, खिडकीकडे धरलं, खुलल्या, नेऊन दिलं. ते ठेवलं होतं खारट पाण्यात. मॅडमनी त्यातलं थोडं घेतलं, साधं पाणी घालून मीठ कमी केलं, आणि वन्संच्या डोळ्यांदेखत नळी दुधासारखी पांढरी झाली.

वन्सं म्हणाल्या, "मेलं."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. खऱ्याखुऱ्या, लहान मुलीसारख्या. "मेलं नाही हो वन्सं, जमलं."

तीन आठवड्यांच्या कष्टांवर टाळ्या वाजवणारी ही बाई वेडी आहे, अशी वन्संची खात्रीच झाली. तेवढ्यात मॅडमनी त्यांना खांद्याला धरून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. संध्याकाळी घरी येऊन वन्संनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चिरकत होता, आणि त्यांचा आवाज सहसा चिरकत नाही. गुठळ्या नव्हत्याच तिथे. थेंब होते. गोल गोल, पाण्यात तेलाचे असतात तसे. दोन थेंब जवळ यायचे, एकमेकांना टेकायचे आणि एकच मोठा थेंब व्हायचा. गुठळ्या असं करत नाहीत, त्या नुसत्या चिकटून बसतात. हे प्रथिन जिवंत होतं, फक्त एकत्र जमलं होतं.

"अगं, पेशीच्या आतसुद्धा असंच होतं म्हणे," वन्सं म्हणाल्या. "भिंत नाही, पिशवी नाही, नुसती प्रथिनं गोळा होतात आणि थेंब होतो. काम असेल तेव्हा जमतात, काम झालं की पांगतात."

"आणि पांगा म्हणून त्यांना सांगतं कोण?" मी विचारलं. मला वाटलं, याला उत्तर नसेल. होतं.

या प्रथिनाला एक मोकळं, वळवळतं शेपूट असतं. शेपटं एकमेकांना धरतात म्हणून थेंब होतो. पेशीत एक एन्झाइम असतं, ते येतं आणि त्या शेपटावर फॉस्फेट नावाचा इवलासा तुकडा चिकटवतं. एकावर, दुसऱ्यावर, सगळ्यांवर. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो, आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. कालपर्यंत गळ्यात गळे घालणारी शेपटं एकदम फटकून वागायला लागतात आणि थेंब विरघळून जातो. दुसऱ्या एका एन्झाइमनं येऊन तोच तुकडा काढून टाकला की पुन्हा समेट आणि पुन्हा थेंब. एवढ्याशा तुकड्यावर सगळा कारभार.

मी म्हटलं, "म्हणजे पहिला कळलाव्या आणि दुसरा मिटव्या." वन्सं मला कशालाही कधी चांगलं म्हणत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दोन्ही नावं नळ्यांवर चिकटलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मॅडमसुद्धा वर्गात कळलाव्या म्हणायला लागल्या.

पुढची दोन वर्षं आमच्या घरात थेंबच थेंब. वन्सं जेवताना थेंब सांगायच्या, बसच्या रांगेत थेंब सांगायच्या. माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो, त्याला कुठलीच गोष्ट विरघळलेली आवडत नाही, तो कानात कापूस घालायचं बघत होता. शेवटी मॅडमचा लेख छापून आला. कळलाव्यानं तुकडा लावला की थेंब जातात, मिटव्यानं काढला की येतात. लेखकांत तिसरं नाव वन्संचं. सासूबाईंनी तो लेख उलटा धरून दहा मिनिटं वाचला आणि छान आहे म्हणाल्या.

आणि मग ते पत्र आलं.

एका मोठ्या, नावाजलेल्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी लिहिलं होतं. आम्ही तुमचा प्रयोग सहा वेळा केला, एकदाही थेंब दिसले नाहीत. इथवर ठीक होतं. पण खाली एक वाक्य होतं: "मूळ प्रयोगातील प्रथिन अस्वच्छ असण्याची शक्यता नाकारता येत नाही." आणि हे पत्र त्यांनी एकट्या मॅडमना नाही, त्या विषयातल्या साऱ्या दुनियेला पाठवलं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

अस्वच्छ. आमच्या वन्संचं प्रथिन. मला कुणी चोर म्हटलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, दोन दिवसांत विसरले असते. वन्सं भांडल्या नाहीत. त्या रात्री जेवताना त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न बघता पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशीही तसंच. सात आठवडे त्या बाईनं कशात बघितलं नाही. तुम्हाला सांगते, मला जन्मभराचा वैताग होता त्या पेल्यात बघण्याचा, पण ते बंद झाल्यावर मला घर ओळखीचं वाटेना.

मॅडम म्हणाल्या, प्रयोग दुसऱ्या कुणालाच जमला नाही तर लेख मागे घ्यावा लागेल. वन्सं म्हणाल्या, "घ्या. पण मागे घेताना कारण लिहाल, ते माझ्या नावावर लागेल. एकतीस वर्षं काम करून अस्वच्छ प्रथिनाची बाई म्हणून मला इथून जायचं नाही." मॅडमनी तिथल्या तिथे त्या साहेबांना कळवलं: तुमचा माणूस पाठवा, तुमचं प्रथिन घेऊन, आमच्या शेजारी उभा राहून करू दे. साहेबांनी पाठवला. एक दिवसासाठी, संध्याकाळी पाचच्या गाडीचं परतीचं तिकीट काढून.

मी त्या माणसाला जिन्यावरून ढकलायच्या तयारीत होते. पण आला तो उंच, सुकलेला, पन्नाशीचा गृहस्थ, बर्फाची पेटी पोटाशी धरून. थेंब मोजून घ्यायचा स्वतःचा पिपेट शिवलेल्या कापडी पिशवीत घालून आणलेला. मी शिष्टाचार म्हणून पाणी दिलं. त्यांनी पेला घेतला, खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला.

"स्वच्छ आहे," म्हणाले, आणि प्याले.

मी वन्संकडे बघितलं. वन्सं त्यांच्याकडे बघत होत्या. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून हसले, आणि सात आठवड्यांत पहिल्यांदाच मला वाटलं की काहीतरी बरं होईल.

दोघं शेजारी शेजारी उभे राहून कामाला लागले. मी उगाचच कचऱ्याचे डबे दहादा बघायला वर जात होते. बोलणं नाही, चालणं नाही. दोघांचे हात एकदम उठायचे, एकदम खाली यायचे, दोघंही नळीचं झाकण एकाच तऱ्हेनं अंगठ्यानं उडवायचे. अकरा वाजता दोघांनी आपापल्या प्रथिनातलं मीठ कमी केलं. वन्संची नळी दुधासारखी झाली. पाहुण्यांची नळी पाण्यासारखी राहिली.

"आमच्याकडे हेच होतं," पाहुणे म्हणाले. सूर भांडणाचा नव्हता, उलट ओशाळल्यासारखा होता.

वन्संनी त्यांची नळी उजेडाकडे धरली. खूप वेळ बघितलं. खोट काढायला बघत होत्या, पण निघेना. "फार सुरेख काढलंय," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "वाढवलंत कशात? जिवाणूंत ना?"

"छे. किड्यांच्या पेशींत. आमच्याकडे सगळं त्यातच करतात. जिवाणू आता कोण वापरतं?"

मॅडम खुर्चीतून उठल्याच. जिवाणूंत आमचा कळलाव्या नसतो. तिथे वाढलेलं प्रथिन कोऱ्या शेपटाचं. किड्यांच्या पेशींत मात्र कळलाव्याचे भाऊबंद असतात, तिथे प्रथिन वाढतानाच शेपटावर फॉस्फेट चिकटून बसतात. म्हणजे पाहुण्यांचं प्रथिन घरूनच भांडून आलेलं, ते इथे कुणाशी जमणार? लेखात जिवाणू असं स्पष्ट लिहिलं होतं, पण मोठ्या प्रयोगशाळेला वाटलं, आम्ही त्याहून भारी वापरतो, म्हणजे चांगलंच होईल.

"पण मग," मॅडम म्हणाल्या, "मिटव्या घालून फॉस्फेट काढले की तुमच्या प्रथिनाचे थेंब व्हायलाच हवेत. तेही लेखात आहे."

"तेही केलं," पाहुणे म्हणाले. "सहा वेळा. सहाही वेळा खराब झालं."

मॅडमचा चेहरा पडला. पाहुण्यांकडे आता एका प्रयोगापुरतं प्रथिन उरलं होतं. म्हणाले, शेवटचं करून बघतो. त्यात मिटव्या घातला, कोमट ठोकळ्यात नळी ठेवली, अर्धा तास. मॅडम आणि वन्सं पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शक लावायला गेल्या. अर्धा तास संपत आला तेव्हा मी माझ्या कामाला लागले, म्हणजे टेबलाखालच्या डब्यातली कचऱ्याची पिशवी बांधली, नवीन लावली, आणि जुनी घेऊन खाली आले.

वर नंतर काय झालं ते मला मागाहून कळलं. पाहुणे त्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "सातव्यांदाही खराब. माफ करा."

वन्संनी विचारलं, "खराब म्हणजे?"

"गढूळ झाली."

"मग काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंत का?"

"गढूळ नळी कशाला बघायची?" पाहुणे म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "टाकली. तुमच्या भावजय पिशवी बांधत होत्या, त्यातच टाकली."

मी खाली पिशवी यंत्रात ठेवली होती. जड दार लावलं होतं, चाक फिरवून आवळलं होतं. बोट बटणावर होतं म्हटलं तरी चालेल. वाफ सोडली की आतल्या सगळ्याचं उकडलेलं अंडं. तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड आवाज आला, आणि बघते तर आमच्या वन्सं पळत येतायत. ही बाई आयुष्यात बससाठी पळालेली नाही. अंगात दोन स्वेटर, एक चप्पल पायात, एक जिन्यात. मागे पाहुणे, त्यांच्या मागे पायऱ्या सोडत मॅडम.

"थांब," वन्संना एवढंच बोलता आलं.

"आता काय झालं? बाटली घाण निघाली?" मी म्हटलं. सवयच पडलेली.

"दार उघड ते."

उघडलं. पिशवी जमिनीवर मोठ्या ताटात ओतली, चौघांनी हातमोजे चढवले आणि बसलो उकिडवे. प्रयोगशाळेची मुख्य बाई, दूरच्या प्रयोगशाळेचा पाहुणा, माझी नणंद आणि मी, कचरा निवडतोय. दोनेकशे नळ्या असतील, सगळ्या सारख्या. पाहुण्यांची खूण म्हणजे झाकणावर हिरवा ठिपका. मॅडम एकेक नळी उचलून "नाही, नाही, नाही" म्हणत होत्या आणि मध्येच त्यांना हसू फुटत होतं. ते बघून मला फुटलं. पाहुण्यांनी आधी नापसंतीनं बघितलं, मग तेही खुदकले. काखेत कळसा असतो ते ऐकलं होतं, इथे कळसा कचऱ्यात निघाला.

मिळाली मलाच. कुणीतरी टाकलेल्या हातमोज्याच्या अंगठ्यात शिरून बसली होती. मी ती वन्संकडे दिली. त्यांनी उजेडाकडे धरली. गढूळ होती, मस्त गढूळ, ताकासारखी.

वर गेलो. वन्सं पाहुण्यांना म्हणाल्या, "तुम्हीच बसा." थेंबभर काचेवर घेतलं, काच खाली सरकवली. पाहुणे डोळे लावून बसले ते हलेचनात. मॅडम नखं खात होत्या. मी वन्संचा हात धरला, त्यांनी तो काढून घेतला नाही.

"गोल आहेत," पाहुणे म्हणाले. मग जरा वेळानं, "दोन जवळ आले." आणि मग असा आवाज आला की मला वाटलं त्यांना ठसका लागला. "एक झाले. बाई, एक झाले हो."

मॅडमनी उडी मारली, त्यात दिवा लावायची दोरी त्यांच्या हातात तुटून आली. मी पाहुण्यांचा खांदा गदागदा हलवला आणि मग आपण कुणाला हलवतोय ते आठवून सोडला. पण पाहुणे पक्के. म्हणाले, नुसते आले याला अर्थ नाही, गेलेही पाहिजेत. तुमचा कळलाव्या द्या. वन्संना हे फार आवडलं. "आधी मिटव्याला गप्प करा, नाहीतर एक लावेल आणि दुसरा काढेल," त्यांनी बजावलं आणि त्याला थोपवणारं औषध दिलं. मग पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं नळीत कळलाव्या घातला, त्याचा खुराक, म्हणजे फॉस्फेट पुरवणारं रसायन, घातला. दहा मिनिटांत नळीतलं ताक पातळ झालं, पंधरा मिनिटांत पाणी. काचेखाली बघितलं तर मैदान मोकळं. आम्ही चौघं एकाच नळीकडे बघत हसत होतो, कुणाला थांबता येईना. शेजारच्या प्रयोगशाळेतून कुणीतरी येऊन विचारून गेलं की गॅस तर गळत नाही ना.

हसून झाल्यावर पाहुणे एकदम गंभीर झाले. म्हणाले, साहेबांना आत्ताच सांगितलं पाहिजे. हातात मोजे होते म्हणून फोन टेबलावर ठेवला, बोटाच्या पेरानं लावला, आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"सर, थेंब येतात. आपल्याच प्रथिनात. आणि जातातही."

"मग इतके दिवस का आले नाहीत?"

पाहुण्यांना काहीही सांगता आलं असतं. किडे, पाणी, हवा, काहीही. "येत होते सर. मी गढूळ म्हणून फेकत होतो."

त्यानंतर फोनमधून जे सुरू झालं ते ऐकवेना. सहा वेळा फेकलंत? न बघता? एवढ्या वर्षांच्या अनुभवी माणसानं? आता साऱ्या जगाला मी काय तोंड दाखवू? तुमच्या हातच्या कुठल्याही कामावर यापुढे मी विश्वास कसा ठेवायचा? पाहुणे खाली मान घालून उभे. कान लाल झालेले.

मी वन्संना कोपरानं ढोसलं. सात आठवडे आम्ही दोघींनी या साहेबांना काय काय सुनवायचं ते ठरवलं होतं, माझ्याकडे तर पाठ होतं. वन्सं पुढे झाल्या, टेबलावर वाकल्या.

"साहेब, मध्येच बोलते. मी सकाळपासून यांच्या शेजारी उभी आहे. इतका स्वच्छ हात मी एकतीस वर्षांत पाहिलेला नाही. गढूळ नळी टाकायची हा आमच्या कामातला पहिला धडा. मीही तोच शिकले, मीही अशा किती टाकल्या असतील देव जाणे. त्यांच्या वहीत सहाही वेळा 'गढूळ झाली' असं लिहिलेलं असणार." त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं. पाहुण्यांनी मान हलवली. "लिहिलेलं आहे म्हणतात. तुम्ही पत्र पाठवण्याआधी ती वही वाचायला हवी होती."

साहेबांनी जरा बिचकत विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"ज्या बाईचं प्रथिन अस्वच्छ असण्याची शक्यता तुम्हाला नाकारता आली नव्हती, ती मी."

साहेब म्हणाले, "ते वाक्य माझं होतं. मी मागे घेतो."

"घ्या," वन्सं म्हणाल्या. "ज्यांना ज्यांना पाठवलं होतंत, त्या सगळ्यांना कळवा. आणि यांना आता रागावू नका, पाचची गाडी गाठायचीय त्यांना."

वन्संनी फोन बंद केला. मग दोन्ही हातमोजे काढले, उलटे करून डब्यात टाकले, हात धुतले, पुसले, खुर्चीत बसल्या आणि तोंड झाकून रडल्या.